अथाबास्काचं युरेनियम: इतका चोख माल, मग खाण व्हायला इतकी वर्षं का?

पेठेतला_प्रवासी · रवि, २०:१५

सॅस्काटूनला राहायला आल्यापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आमच्या सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेला अथाबास्का खोरं आहे. जगातलं सगळ्यात उच्च प्रतीचं युरेनियम तिथे मिळतं. सध्या इथे चर्चा आहे ती 'रूक वन' या नव्या प्रकल्पाची. कंपनी नेक्सजेन, साठ्याचं नाव ॲरो. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो पहिल्यांदा ड्रिलला लागला. कंपनीच्या २०२१ च्या अहवालानुसार सुमारे २४ कोटी पौंड युरेनियम ऑक्साइड, सरासरी प्रत (दगडातलं युरेनियम ऑक्साइडचं प्रमाण) २.३७ टक्के. प्रांत सरकारची पर्यावरण मंजुरी मिळाली नोव्हेंबर २०२३ ला. केंद्रीय अणुसुरक्षा आयोगाने सुनावणी ठेवली ती दोन टप्प्यांत, नोव्हेंबर २०२५ आणि फेब्रुवारी २०२६. पुढे बांधकामाची चार वर्षं धरली आहेत. मधल्या काळात खर्चाचा अंदाज १.३ अब्ज कॅनेडियन डॉलरवरून २.२ अब्जांवर गेला.

माल चोख, गिऱ्हाईक दारात, देशात कायद्याचं राज्य. मग घोडं अडतं कुठे? माझं मत सरळ आहे: सुनावण्या आणि कागद. पण मी आयटीवाला, खाण बाहेरूनही पाहिलेली नाही. जाणकारांनी लिहावं. भाचा नागपूरला मायनिंग इंजिनीअरिंग करतोय आणि त्याला इकडे यायचे वेध लागलेत, म्हणूनही विचारतोय.

टवाळ_पोर · रवि, २०:२२

युरेनियमवर धागा! आता प्रतिसादांचा स्फोट होणार. पहिल्या रांगेत बसलोय, शिशाची बनियन घालून.

शेअरखाऊ · रवि, २१:०५

सुनावण्या दिसतात म्हणून त्यांना शिव्या बसतात. खरं कारण भाव. २००७ मध्ये युरेनियम पौंडाला १३५ डॉलरच्या वर गेलं होतं. २०११ ला फुकुशिमा झालं, जपानच्या अणुभट्ट्या बंद पडल्या, आणि २०१६ अखेर भाव २० च्या खाली. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा १०० च्या वर. आता सांगा, या झोक्यावर बसून अब्जावधी डॉलर कोण ओतणार?

मॅकआर्थर रिव्हरचं उदाहरण घ्या. जगातल्या सगळ्यात मोठ्या उच्च प्रतीच्या खाणींपैकी एक, चालू, सगळे परवाने खिशात. तरी ती चालवणाऱ्या कॅमेको कंपनीने २०१८ मध्ये तिला कुलूप लावलं, कारण त्या भावात जमिनीतून काढण्यापेक्षा बाजारातून विकत घेऊन गिऱ्हाइकाला देणं परवडत होतं. उघडली थेट २०२२ च्या शेवटी. प्रत कितीही चांगली असो, भाव नसेल तर तो फक्त महागडा दगड.

(गुंतवणुकीचा सल्ला नाही. माझे स्वतःचे हात बऱ्यापैकी भाजलेत, किरणोत्सर्ग न होता.)

जादूगोडा_रिटर्न · रवि, २२:३०

आयुष्यभर झारखंडच्या पट्ट्यात काम केलं, म्हणून दोन आकडे देतो. आपल्याकडे जादूगोडा १९६७ पासून चालू आहे. तिथल्या धातुकात (धातू असलेल्या दगडात) युरेनियम ऑक्साइड साधारण ०.०५ ते ०.०६ टक्के. आंध्रातलं तुम्मलपल्ले त्याहून कमी. म्हणजे एक टन दगड फोडा, वर आणा, दळा, आम्लात विरघळवा, तेव्हा हाती येतं जेमतेम अर्धा किलो. कॅनडाच्या सिगार लेक खाणीत एका टनात दीडशे किलोच्या आसपास असतं. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा दशांशचिन्ह छपाईत घसरलं असेल असं वाटलं होतं.

आमच्या गरिबीचा एक फायदा मात्र होता. धातुक इतकं पातळ की माणूस त्याच्या शेजारी उभा राहून ड्रिल मारू शकतो. हवा खेळती ठेवायची, रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजायचा, छातीवर डोस मोजणारा बॅज लावायचा. पंधरा-वीस टक्क्यांच्या धातुकासमोर कामगार तसा उभा करता येत नाही. मग यंत्र वेगळं, पद्धत वेगळी, खर्च वेगळा. प्रवासीसाहेब, तुम्ही ज्याला चोख माल म्हणताय तो चोख आहे म्हणूनच अडून बसतो.

टवाळ_पोर · रवि, २२:३४

नाना, हे म्हणजे स्थळ इतकं चांगलं की लग्नच जमेना.

भूगर्भी · सोम, ०९:१०

नानांशी सहमत, पण किरणोत्सर्गाच्या आधी पाण्याचा नंबर लागतो. थोडं सविस्तर लिहिते. (मी भूशास्त्रवाली, अथाबास्कात काही उन्हाळे ड्रिलच्या खोक्यांतले दगड वाचण्यात घालवलेत.)

तिथे खाली अतिप्राचीन, कठीण, स्फटिकी खडक आहे आणि त्यावर शेकडो मीटर जाडीचा वालुकाश्म. या दोहोंच्या सांध्यावर, जिथे ग्राफाइट असलेले भ्रंश (खडकातल्या मोठ्या भेगा) वर आलेत, तिथे युरेनियम साचलं. सिगार लेकचा साठा बरोबर त्या सांध्यावर आहे, साधारण ४१० ते ४५० मीटर खोल. आणि वरचा वालुकाश्म पाण्याने तुडुंब, तोही धातुकाजवळ चिरफाळलेला. खालून बोगदा नेताना एका ठिकाणी छत ढासळलं की अख्ख्या खोऱ्याचं पाणी तुमच्या डोक्यावर.

हे प्रत्यक्षात घडलं. सिगार लेक सापडली १९८१ ला. बांधकाम सुरू झालं २००५ ला. ऑक्टोबर २००६ मध्ये दरड कोसळून सगळी खाण बुडाली. वरून भोकं पाडून काँक्रीट सोडलं, गळती बुजवली, उपसा सुरू केला. २००८ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाणी घुसलं. उत्पादन सुरू झालं मार्च २०१४ मध्ये. तेहतीस वर्षं! यात कागदांचा वाटा आहेच, पण बुडालेली खाण काही सुनावणीमुळे बुडाली नव्हती. मॅकआर्थर रिव्हरलाही २००३ मध्ये पाण्याने काही महिने थांबवलं होतं.

मग उपाय काय केला? जमीन गोठवली. वरून ओळीने पाइप उतरवायचे, त्यांतून उणे ३० अंशांच्या आसपास थंड केलेलं खारं पाणी फिरवत ठेवायचं. धातुक आणि आजूबाजूचा खडक गोठून घट्ट व्हायला महिनेच्या महिने जातात. गोठलं की पाणी अडतं, ठिसूळ दगड टिकून राहतो आणि रेडॉनही अडकून पडतो. मग धातुकाच्या खाली, कठीण खडकातल्या बोगद्यात यंत्र उभं करून वरच्या दिशेने भोक पाडायचं आणि प्रचंड दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने गोठलेलं धातुक कापायचं. त्याची स्लरी, म्हणजे पाणी मिसळलेला लगदा, बंद पाइपातून खाली येते. पोकळी झाली की काँक्रीटने भरायची, शेजारी पुढची. माणूस धातुकाला हात लावत नाही, पाहतही नाही. स्लरी दळून, पंपाने वर चढवून, जाड टाक्यांत भरून सुमारे ७० किलोमीटरवरच्या मॅक्लीन लेकच्या गिरणीत, म्हणजे दगडातून युरेनियम वेगळं काढणाऱ्या कारखान्यात, जाते.

ही पद्धत या एका खाणीसाठी घडवावी लागली. ती वर्षं कुठल्या फायलीत दिसत नाहीत.

टवाळ_पोर · सोम, ०९:२५

कुल्फी जमवायची आणि खालून पिचकारी मारून कोरायची. ताई, प्रतिसाद जबरी.

पेठेतला_प्रवासी · सोम, १२:४०

भूगर्भीताई, धन्यवाद. पण मग ॲरोलाही हेच लागू का? तिथेही गोठवणार?

भूगर्भी · सोम, १३:०२

नाही, आणि म्हणूनच ॲरोचं एवढं कौतुक. तो साठा सांध्यावर नाही, खालच्या कठीण खडकात आहे. तिथे नेहमीच्या भूमिगत पद्धतीने मोठे कप्पे पाडून धातुक काढता येईल असा आराखडा आहे. गोठवायचं ते शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) खणताना, वरच्या ओल्या थरांपुरतं. शेजारचा ट्रिपल आर साठा २०१२ मध्ये लागला, तोही खालच्या खडकात. त्याचा माग लागला तो जमिनीवर पडलेल्या किरणोत्सारी धोंड्यांवरून. हिमनदीने ते ओढत आणून टाकले होते, विमानातून मोजणी करताना सापडले आणि हिम आलं त्या दिशेने उलटं शोधत गेले. मला या सगळ्यात सगळ्यात आवडणारा भाग हाच.

उलट टोकाला डेनिसन कंपनीचा फीनिक्स साठा, प्रत १९ टक्के. तिथे खणायचंच नाही असं ठरवलंय. साठ्याभोवती गोठवलेली भिंत घालायची, विहिरींतून आम्लाचं द्रावण सोडायचं, विरघळलेलं युरेनियम वर खेचायचं. कझाकस्तानात विरघळवण्याची पद्धत रोजची आहे, पण तिथली प्रत अगदी कमी.

सड्यावरची · सोम, १६:२०

सगळं यंत्रांबद्दल चाललंय. तिथे राहणाऱ्या माणसांचं काय? मी राजापूर तालुक्यातली. जैतापूरच्या वेळी आमच्याकडे जनसुनावणी काय असते ते पाहिलंय. जाड अहवाल, शहरातून आलेले साहेब, आणि 'तुमच्या शंका नोंदवून घेतल्या आहेत'. त्यामुळे 'सुनावण्यांनी उशीर होतो' हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कोणाचा उशीर? तलाव कोणाचा, मासे कोणाचे?

तिकडच्या डेने आदिवासींचा इतिहास वाचा. ग्रेट बेअर लेकच्या काठी पोर्ट रेडियमला १९३० च्या दशकापासून खाण होती, त्यांचे पुरुष धातुकाच्या गोण्या पाठीवरून वाहायचे. धोका कोणी सांगितला नाही. त्यातलं काही युरेनियम अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला गेलं. १९९८ मध्ये त्या गावची काही माणसं हिरोशिमाला जाऊन माफी मागून आली. ज्यांची फसवणूक झाली त्यांनी माफी मागितली, हे लक्षात घ्या.

शेअरखाऊ · सोम, १६:४५

ताई, पोर्ट रेडियम सस्कॅचेवानमध्ये नाही, वायव्य प्रदेशांत आहे, आणि गोष्ट ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची. आज कुठली कंपनी गोणी वाहायला लावते?

सड्यावरची · सोम, १७:१०

सस्कॅचेवानचंच हवंय? घ्या. १९८९ मध्ये रॅबिट लेक खाणीच्या पाइपातून सुमारे २० लाख लिटर दूषित पाणी वोलस्टन सरोवराच्या बाजूला गेलं. त्याआधी १९८५ मध्ये तिथल्या लोकांनी रस्ता अडवून आंदोलन केलं होतं. गनार नावाची जुनी खाण १९६० च्या दशकात बंद झाली, मालक निघून गेले, साफसफाई सरकारच्या गळ्यात. तिचा खर्च पहिल्या अंदाजाच्या दहापटीच्या पुढे गेला. हे सगळं तुमच्या शेअरच्या भावात कुठे धरतात?

कॅलगरीची_काकू · सोम, १९:३०

दोघंही जरा दमानं. माझ्या नवऱ्याने काही काळ उत्तरेत खाणींवर कंत्राटी काम केलंय, त्यामुळे ऐकीव का होईना, थोडं सांगते.

तिथे आता गावं वसवत नाहीत. कारण युरेनियम सिटी. बीव्हरलॉज खाणीच्या जिवावर काही हजारांचं गाव उभं राहिलं, १९८२ मध्ये खाण बंद झाली आणि गाव ओस पडलं. आज शंभर माणसंही नाहीत. तेव्हापासून विमानाने न्यायचं आणि विमानाने आणायचं. एक किंवा दोन आठवडे तिकडे, तेवढेच घरी. आसपासच्या डेने, क्री आणि मेटी या मूलनिवासी समाजांच्या वस्त्यांतूनही विमानं थेट जातात. कॅमेकोच्या उत्तरेतल्या खाणींवर निम्म्याच्या आसपास माणसं उत्तरेचीच असायची. तेव्हा स्थानिक म्हणजे नुसते विरोधक हे चित्र खोटं, आणि नुसते लाभार्थी हेही खोटं. एकाच घरात मुलगा खाणीवर आणि आजी सुनावणीत विरोधात बोलतेय, असंही असतं.

रूक वनबाबतीत क्लिअरवॉटर रिव्हर, बर्च नॅरोज आणि बफेलो रिव्हर या डेने समाजांशी आणि मेटी संघटनेशी लेखी करार झालेत. नोकऱ्या, कंत्राटं, पैसा, पाण्यावर देखरेख. आदिवासींशी सल्लामसलत करणं ही तिथे घटनेतून आलेली जबाबदारी आहे. ती टाळून घेतलेला परवाना कोर्टात टिकत नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

अवांतर: कॅम्पात जेवण उत्तम, दारूला बंदी.

टवाळ_पोर · सोम, १९:३३

शेवटचं वाक्य भाच्याला आधी सांगा. निम्मे वेध तिथेच सुटतील.

जादूगोडा_रिटर्न · सोम, २१:१५

सड्यावरच्या ताईंचा राग मला समजतो. आपल्याकडे मेघालयात डोमियासियातला साठा आहे, भारताच्या मानाने चांगला, सुमारे ०.१ टक्का. १९८० च्या दशकापासून माहीत आहे, आजही खाण नाही. स्पेलिटी लांगरिन या खासी आजींनी पैसा समोर ठेवूनही जमीन दिली नाही. २०२० मध्ये त्या वारल्या. खात्यातले आम्ही लोक तेव्हा वैतागायचो. पण त्यांच्या घरी जाऊन, बसून, त्यांच्या भाषेत बोलणारे आमच्यात किती होते?

एक गोष्ट सगळ्यांनीच ध्यानात ठेवा. गिरणीत युरेनियम काढून घेतलं तरी धातुकातल्या किरणोत्सर्गाचा मोठा भाग, साधारण ८५ टक्के, मागे उरलेल्या गाळात राहतो. रेडियम आणि थोरियम त्यातच असतात. आपल्याकडे तो टेलिंग पाँडमध्ये, म्हणजे बंधारा घातलेल्या तळ्यात, जातो. खाणीपेक्षा या गाळाचं आयुष्य मोठं. कितीतरी मोठं.

भूगर्भी · सोम, २१:४०

नाना, नेमकं. रूक वनच्या आराखड्यात म्हणूनच जमिनीवर तलाव ठेवलेला नाही. गाळात सिमेंट कालवून तो पुन्हा खाली, खास खोदलेल्या दालनांत भरायचा. दालनं खोदायला खर्च आणि वेळ दोन्ही जातात, पण शंभर वर्षांनी बंधारा कोण सांभाळणार हा प्रश्न राहत नाही. खालचं भूजल किती हळू सरकतं यावर सगळं अवलंबून, आणि ते सिद्ध करायला वर्षानुवर्षं विहिरींची मोजणी लागते. प्रवासी, तुमचा उशीर इथेही आहे. हिवाळा, उन्हाळा, बर्फ वितळण्याचा काळ, प्रत्येक ऋतूचे मासे, पाणी, गाळ, शेवाळ मोजावं लागतं. तीन वर्षांची नोंद तीन महिन्यांत घेता येत नाही.

एक्सरेवाली · मंगळ, ०८:०५

मी रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी पाहते, त्यामुळे डोसबद्दल एवढंच. कॅनडात अणुक्षेत्रातल्या कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ५० ही कमाल मर्यादा. आपल्याकडे पाच वर्षांचं तेच, एका वर्षाला ३०. आधुनिक खाणीत सरासरी डोस याच्या बराच खाली असतो. जुन्या खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग झाला तो मुख्यतः रेडॉनच्या विघटनातून निघणारे कण श्वासातून आत गेल्यामुळे. त्यावरचा पहिला उपाय अगदी साधा, वायुवीजन. नवीन खाणीत शाफ्टची जागा आणि आकार ठरवताना हवेचा हिशोब असतो, म्हणजे तो नंतर बदलता येत नाही.

शेअरखाऊ · मंगळ, १०:२०

भारताचा संबंध कोणी आणलाच नाही, आश्चर्य आहे! १९७४ च्या पोखरणनंतर कॅनडाने दार लावून घेतलं. २०१० मध्ये करार झाला, २०१३ मध्ये अमलात आला, २०१५ मध्ये कॅमेकोने पाच वर्षांत ३,००० टनांहून जास्त युरेनियम द्यायचं ठरवलं. म्हणजे या खोऱ्यातला दगड आपल्या घरच्या दिव्यात जळतोय.

जादूगोडा_रिटर्न · मंगळ, ११:००

सगळ्यांच्या दिव्यात नाही. आयात केलेलं युरेनियम फक्त आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या अणुभट्ट्यांतच वापरता येतं. रावतभाटा, काक्रापार वगैरे. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या त्या यादीबाहेर आहेत, त्या आपल्याच खाणींवर चालतात. पालघरच्या वाचकांनी जादूगोड्याचे आभार मानावेत.

सड्यावरची · मंगळ, ११:४०

आणि जैतापूरच्या वेळी जिचं नाव आमच्याकडे पोराटोरांच्या तोंडी होतं, ती अरेवा. तिच्या खाणी आता ओरानो नावाने चालतात, आणि सिगार लेकमध्ये तिचा चाळीस टक्के वाटा आहे. मॅक्लीन लेकची गिरणीही तीच चालवते. जग फार लहान आहे हो.

शेअरखाऊ · मंगळ, ११:५२

सिगार लेकमध्ये फुकुशिमावाल्या टेपकोचा पाच टक्के हिस्सा होता. ज्यांच्यामुळे भाव पडला तेच भागीदार!

पेठेतला_प्रवासी · मंगळ, २०:३०

मूळ प्रश्नाकडे येतो. वाचून माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. पाणी, किरणोत्सर्ग, गाळ, भाव, सगळं मान्य. पण ॲरो तर कोरड्या खडकात, करार झालेले, भाव चांगला. प्रांताच्या आणि केंद्राच्या मंजुरीत दोन वर्षांहून जास्त अंतर पडलं, ते तरी कागदांचंच ना?

भूगर्भी · मंगळ, २१:०५

ते अंतर कमी करता आलं असतं, हो. एकच अहवाल दोन सरकारांनी वेगवेगळा तपासला, आणि केंद्राच्या तज्ज्ञांनी प्रश्नांच्या फैरी झाडल्या. त्यातले काही प्रश्न मला तरी रास्त वाटतात. वर्षाला सुमारे ३ कोटी पौंड काढायचा बेत आहे, म्हणजे जगाच्या आजच्या उत्पादनाचा जवळपास पाचवा हिस्सा एका खाणीतून. त्यासाठी दोन वर्षं जास्त गेली तर मला रडू येत नाही.

सड्यावरची · मंगळ, २१:१५

+१. आयुष्यात पहिल्यांदा खाणवाल्या बाईंशी सहमत.

शेअरखाऊ · मंगळ, २१:१८

मला येतं रडू. चार वर्षं होल्ड करतोय.

पेठेतला_प्रवासी · मंगळ, २१:३०

भाच्याला काय सांगू ते राहिलंच.

जादूगोडा_रिटर्न · मंगळ, २२:१०

पदवी झाली की आधी एखाद्या भूमिगत खाणीत दोन-तीन वर्षं घाम गाळू दे, मॅंगनीजची असो की तांब्याची. ओव्हरमनची (खाणीतल्या पर्यवेक्षकाची) परीक्षा देऊ दे. मग पुढचं शिक्षण घेताना भूजल किंवा खडक-यांत्रिकी घ्यायला सांगा. युरेनियमवर कोणी वेगळी पदवी मागत नाही, पाणी अडवणारा माणूस मात्र सगळीकडे हवा असतो.

भूगर्भी · मंगळ, २२:२५

आणि इथले इंजिनीअरिंगचे परवाने प्रांतवार असतात, त्याची चौकशी निघण्याआधीच करू दे. सॅस्काटूनच्या विद्यापीठात भूशास्त्र आणि खाणकाम दोन्हीची चांगली माणसं आहेत. त्याचा बायोडेटा व्यनि करा, पाहते.

टवाळ_पोर · मंगळ, २२:२७

ताई, माझाही करू का? मी आयटीत आहे, पण थंडी सहन होते.